पायाळू माणसाचा पाय

फोन आला तेव्हा शाळेत परिपाठ चालू होता. पोरांची प्रार्थना संपेपर्यंत मी तो उचलला नाही. उचलला, तर पलीकडून सुमनवहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." आदल्याच संध्याकाळी नांदेडच्या दवाखान्यात भास्करला चहा पिताना पाहून मी पोखर्णीला परतलो होतो. त्याला आता दीड महिना झाला. त्याच्या विज्ञानाच्या तासाला दुसरे सर जातात.

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून पाय आधी घेऊन आलेला. आमच्याकडे कुणाला उसण भरली, कंबर धरली, की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. मी शाळेतून घरी आलो की ओट्यावर कुणी ना कुणी वाकून बसलेलं असायचं. भास्करला याचा भारी राग. "तुझा पाय काय एमबीबीएस हाय का रे?" वीस वर्षं हे ऐकत आलो. स्टाफरूममध्ये मी पाय पसरून बसलो की, "सरकवा रे ते औषध," म्हणून तो सगळ्यांना हसवायचा. त्याच्याएवढं मला कुणी छळलं नाही आणि त्याच्याएवढं जिवाचंही कुणी झालं नाही.

मोटारसायकल घसरून त्याचा घोटा मोडला. पाच आठवडे प्लास्टर. ते काढल्यावर चार दिवसांनी त्याने मला बोलावून घेतलं. अंगणात बाजेवर पडला होता, पोटरी सुजून टम्म, हात लावला तर गरम. "लय ठणकायलंय रे. शीर चढली असंल." मग लाजल्यासारखा डोळे मिटून म्हणाला, "लाव एकदा तुझं औषध. कुनाला सांगू नको." वीस वर्षांनी तो हरला याचा मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! दवाखान्यात चल म्हणायचं सोडून मी चप्पल काढली. नुसता पाय लावला नाही, टाचेने पोटरी चांगली रगडली... दोनदा. त्याला बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीकडे जाताना त्याचा दम कोंडला. आधी परभणी, तिथून नांदेड. पाय इतके दिवस हलला नाही म्हणून शिरेत रक्ताची गुठळी झाली आणि तिचा तुकडा सुटून फुफ्फुसात अडकला, असं डॉक्टरांनी सांगितलं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालायची, थेट छातीपर्यंत न्यायची आणि गुठळी ओढून घ्यायची, असा उपचार. मग त्यांनी विचारलं, "पाय कुणी चोळला होता का?" ऑक्सिजनच्या मास्कमागून भास्करने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "न्हाई. कुनी न्हाई." मी फरशीकडे पाहत राहिलो. नळी गेली, गुठळ्याही निघाल्या. डॉक्टरांनी त्या ट्रेमध्ये आम्हाला दाखवल्या, चुरडलेल्या जांभळांसारख्या. संध्याकाळी तो चहा प्याला. पायात उरलेली गुठळी दोन दिवसांनी काढणार होते. पण दुसऱ्याच सकाळी तीही सुटून वर गेली. नंतर मी डॉक्टरांना एकट्यात गाठून खरं सांगितलं. "कदाचित तशीही सुटली असती," ते म्हणाले. त्या 'कदाचित'ने मला अजून झोपू दिलेलं नाही.

मागच्या आठवड्यात वहिनींची कंबर धरल्याचा निरोप आला. गेलो, तर त्याच बाजेवर त्या पालथ्या पडलेल्या. मी चप्पल काढली, पण पाय उचलेना. "वहिनी, त्या दिवशी भास्करचा पाय मी..." सगळं बोललो, टाचेचंही सांगितलं.

त्या उठल्या आणि सरळ ताठ बसल्या. कंबरेला काही झालंच नव्हतं.

"मी दारातच व्हते, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमाला बोलवा म्हनून मीच ह्यांच्या मागं लागले व्हते. तुमी सांगता का न्हाई, तेवढंच बघायचं व्हतं." त्या रडल्या नाहीत, मी रडलो. शेवटी त्या म्हणाल्या, "चप्पल घाला."

ओट्यावर अजूनही कुणीतरी वाकून बसलेलं असतं. मी त्यांना परभणीच्या बसमध्ये बसवून देतो. स्टाफरूममध्ये मी आता मुद्दाम पाय पसरून बसतो. येणारेजाणारे मुकाट्याने वळसा घालून जातात. सरकवा रे ते औषध, असं कुणी म्हणत नाही.