लेक बघायला

देवव्रत गायधनींना दोह्यातलं काहीच आवडत नसे, आणि दोहा सोडून कुठे जायचं म्हटलं की तेही आवडत नसे. नाशिकहून ते इथल्या गॅसच्या कारखान्यात आले तेव्हा त्यांचे केस काळे होते. आता निवृत्ती जवळ आली होती. केस पांढरे झाले, मतं मात्र होती तिथेच राहिली.

शहरातल्या अल मुंतझा भागात एका जुन्या इमारतीत ते आणि अलकाताई राहत. समुद्राकाठच्या उंच इमारतींत राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना ते 'बरणीतली लोणची' म्हणत. वरच्या मजल्यावर आयटीतली तरुण मुलं होती, दोन वर्षांच्या करारावर आलेली. त्यांचं नाव 'धर्मशाळा'. थंडीत शुक्रवारच्या सुट्टीत लोक गाड्या काढून पार उत्तरेला, मदिनत अश शमालच्या बाजूला समुद्रावर जात, चटया अंथरत, कोळसे पेटवत. "घरात गॅस असताना वाळूत बसून वांगी भाजायची," देवव्रतराव म्हणत, "आणि याला सहल म्हणायचं." एवढं बोलून ते नाकातून 'हं' करत. त्यांचं अर्धं बोलणं त्या 'हं'मध्येच असे.

तरी कुणी आजारी पडलं की हॉस्पिटलात पहिला डबा गायधनींकडचाच पोचे. डबा देताना हॉस्पिटलच्या जेवणाला नावं ठेवली जात, ती गोष्ट वेगळी.

मराठी मंडळाचे चिटणीस तेच होते. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठी मजकूर देवनागरीतच लिहायचा, हा नियम त्यांचा. कुणी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं की ते त्याला पुसायला लावत आणि वर ऱ्हस्वदीर्घही सांगत. लोक हसत, कुरकुरत, आणि पुसत.

एवढ्या सगळ्या नावं ठेवण्यात एक नाव मात्र दोन वर्षं त्यांच्या तोंडी आलं नव्हतं. ते मुलीचं, चैत्रालीचं.

चैत्राली पुण्यात केमिकल इंजिनिअर झाली आणि जलशुद्धीकरण शिकायला फ्रान्सला गेली. शाँपेनच्या मुलखात. तिथे द्राक्षमळ्यांपासून थोड्या अंतरावर एक प्रचंड तळं आहे. उन्हाळ्यात लोक पोहायला, सायकली चालवायला, शिडाच्या होड्या हाकायला येतात. चैत्राली शाळेत असताना दोह्याच्या खाडीत शीड हाकायला शिकली होती. एका सुट्टीत तिने त्या तळ्यावर लहान मुलांना ते शिकवायचं काम धरलं, दुसऱ्या सुट्टीतही धरलं, आणि मग शिक्षण सोडून तिथेच राहिली.

"होडीवाली," देवव्रतराव म्हणाले होते, तेही तिला, फोनवर. "इंजिनिअर केली आणि दारूच्या गावात होड्या ओढते." त्यानंतर बाप-लेकीचं बोलणं बंद झालं. अलकाताई स्वयंपाकघराचं दार लोटून तिच्याशी बोलत. देवव्रतराव तेवढा वेळ टीव्हीचा आवाज वाढवत. यात कुणी कुणाला फसवत नव्हतं.

या वर्षी श्याम आणि नीता यांनी चौघांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीचा बेत काढला. श्याम हा देवव्रतरावांचा कारखान्यातला सहकारी, वयाने जरा लहान; नीता त्याची बायको. पॅरिस दोन दिवस, पुढे तळ्याकाठी मुक्काम. तळं कोणतं, ते नीताने आणि अलकाताईंनी मिळूनच ठरवलं होतं.

"तू एकटी जा," देवव्रतराव म्हणाले.

"एकटी गेले तर तिला वाटेल तुम्ही मुद्दाम आला नाहीत."

"बरोबरच वाटेल."

त्या दिवशी अलकाताईंनी कपाटावरची मोठी बॅग काढून पुसली, आणि पुसून परत वर ठेवली नाही.

श्यामने ग्रुपवर बेत टाकला, फोटोंसकट. वाळूचा किनारा, पांढरी शिडं, मागे हिरवी झाडी. देवव्रतरावांनी त्या तळ्याची माहिती शोधून वाचली आणि त्यांना आनंदच झाला. ते तळं नव्हतंच. ते धरणाचं पाणी होतं, पॅरिसला पुरापासून वाचवायला साठवलेलं. धरण नाशिकला आहे. द्राक्षं नाशिकला आहेत. तेच दोन जिन्नस बघायला ही माणसं फ्रान्सला निघाली होती.

उत्तर लिहायला बसले तेव्हा शब्द अडला. 'तळं' लिहायचं नव्हतं. तळं म्हणण्याची त्या पाण्याची योग्यता नव्हती. 'धरण' लिहिलं असतं तर श्यामला कळलं नसतं. तेव्हा ही फॅशनवाली मंडळी म्हणतात तोच शब्द त्यांच्या तोंडावर मारावा म्हणून त्यांनी तो स्वच्छ देवनागरीत लिहिला:

'आम्ही येणार नाही. लेक बघायला एवढ्या लांब जाण्याची आम्हांला गरज वाटत नाही.'

ऱ्हस्वदीर्घ तपासले आणि पाठवून दिलं.

ग्रुपवर सकाळपासून फुलांची चित्रं आणि सुविचार चालू होते, ते थांबले. मग एकच उत्तर आलं. शाळेत असताना गणपतीच्या नाटकासाठी चैत्रालीला त्या ग्रुपवर घेतलं होतं, आणि काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

'ठीक आहे, बाबा,' तिने लिहिलं होतं. देवनागरीत.

अलकाताईंनी मोबाइलवर ते वाचलं, चष्मा काढला आणि आत जाऊन बसल्या. थोड्याच वेळात नीता आणि श्याम येऊन ठेपले.

"देवव्रतराव, नसेल यायचं तर नका येऊ," श्याम म्हणाला. "पण चारचौघांत पोरीबद्दल असं लिहायचं?"

"पोरीबद्दल कुठे लिहिलंय? तळ्याबद्दल लिहिलंय. लेक म्हणजे तळं. इंग्रजीतलं."

"तुमच्या ग्रुपवर? इंग्रजी?" नीता म्हणाली.

"उपरोध होता तो. आणि व्याकरण येत असतं तर कुणी चुकलं नसतं. मुलगी म्हणायचं असतं तर मी 'लेकीला बघायला' लिहिलं असतं. माणसाला 'ला' लागतो. इथे 'ला' नाही, म्हणजे ही निर्जीव वस्तू. पाचवीच्या पोराला कळेल."

श्यामने जरा विचार केला. "मुलगी बघायला जातात, कांदेपोहे खायला, तेव्हा कुठे लागतो 'ला'?"

देवव्रतरावांच्या उभ्या आयुष्यात व्याकरणात त्यांना अडवणारा श्याम हा पहिलाच, आणि तोही 'शुद्धलेखन' चुकीचं लिहिणारा.

अलकाताई दारात येऊन उभ्या होत्या. "हे सगळं व्याकरण तिला सांगा," त्या म्हणाल्या. "मला नको."

"मी फोन करू?"

"चूक तुमची आहे. दुरुस्त तुम्ही करा."

चूक हा शब्द त्यांना लागला. दुसऱ्याची चूक ते मिनिटभर राहू देत नसत. स्वतःची तरी कशी राहू द्यावी? त्यांनी अलकाताईंच्याच फोनवरून फोन लावला.

"बोल गं आई," पलीकडून आवाज आला. मागे वारा होता आणि मुलांचा गलका.

"मी आहे," देवव्रतराव म्हणाले. "त्या वाक्यात लेक म्हणजे तळं. पाण्याचं. तू उगाच दुसरा अर्थ घेतलास."

"नाही बाबा, मी दोन्ही अर्थ घेतले. इथे पाटी आहे ना, फ्रेंचमध्येसुद्धा 'लाक' म्हणतात, मला लगेच कळलं. पण दुसरा अर्थही लागला. दोन वर्षं तुम्ही त्याच अर्थाने वागताय."

देवव्रतरावांना या वाक्यात दुरुस्त करायला काही सापडलं नाही. ते नाकातून 'हं' करायला गेले, तोही नीट आला नाही. शेजारी अलकाताई, श्याम आणि नीता तिघंही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"तिथे," ते शेवटी म्हणाले, "जेवायला काय मिळतं?"

"चीज. ब्रेड. तुम्हाला नाही आवडणार."

"नाहीच आवडणार," देवव्रतराव म्हणाले. "अलका पोहे आणि मेतकूट घेईल."

फोन अलकाताईंकडे देऊन ते श्यामकडे वळले. "पाण्यात उतरणार नाही मी. सांगून ठेवतो."

"खलास, ठरलं," श्याम म्हणाला. "तिकिटं काढतो."

जूनमध्ये ते तळ्यावर पोचले. देवव्रतरावांनी स्टेशनपासूनच सुरुवात केली. द्राक्षांच्या वेली बुटक्या, आपल्याकडे मांडवावर असतात. किनाऱ्यावरची वाळू ट्रकने आणून टाकलेली, म्हणजे तीही खोटी. माणसं अंगाला तेल लावून पापडांसारखी उन्हात पसरलेली. "कतारमधून सावली शोधत इकडे यायचं," ते श्यामला म्हणाले, "तर हे लोक ऊन शोधतायत."

चैत्राली धक्क्यावर उभी होती. रापलेली, केस आखूड, पायांत काही नाही. आईला तिने मिठी मारली. वडिलांना वाकून नमस्कार करायला गेली, तर त्यांनी मधेच थांबवून विचारलं, "चपला कुठे आहेत?"

तिने तरंगायचं लाल जॅकेट त्यांच्या अंगावर चढवलं, पट्टे घट्ट केले आणि त्यांना होडीत बसवलं. होडीत आधीच चार फ्रेंच पोरं बसली होती.

"मी उतरणार नाही म्हटलं होतं."

"पाण्यात उतरणार नाही म्हणालात. होडी पाण्यावर आहे."

काठ मागे पडला. वारा आला आणि शीड फुगलं. चैत्राली सुकाणू धरून मुलांशी फ्रेंचमध्ये बोलत होती. मुलं तिच्या एकेका शब्दावर हात हलवत होती. देवव्रतराव बारकाईने बघत राहिले. कुठे काही चुकतंय का, ते शोधत असावेत.

"त्या पोराने दोर उलटा गुंडाळलाय," ते म्हणाले.

तिने पाहिलं. खरंच उलटा होता. तिने पोराला सांगितलं, पोराने सोडून परत गुंडाळला आणि म्हाताऱ्याकडे रागाने बघितलं.

"शिस्त नाही," देवव्रतराव म्हणाले.

"आठ वर्षांचा आहे, बाबा. आता वळायचंय. शिडाची दांडी या बाजूला येईल. मी सांगितलं की डोकं खाली घाला."

"आणि नाही घातलं तर?"

"तर टेंगूळ येईल," चैत्राली म्हणाली, आणि सुकाणू ढकललं. "घाला."

दांडी करकरत आली. देवव्रतरावांनी पोरांच्याही आधी डोकं खाली घातलं, आणि ती सांगेपर्यंत वर काढलं नाही.