काळं ऑईल

शहापूरच्या एका गॅरेजवाल्यानं जुनाच फिल्टर पुसून परत बसवला, तेव्हापासून गाडीचं ऑईल मी घरीच बदलतो. पुढची चाकं फरश्यांवर चढवायची, खालचा नट सोडायचा आणि घमेल्यात पडणारी काळी धार बघत अंगणात उकिडवं बसायचं.

आमची घरं एकाच अंगणात, तरी थोरल्या भावानं वाटणीनंतर माझ्याशी बोलणं टाकलं. पण मी बॉनेट उघडलं की वहिनी कॅन घेऊन हजर व्हायची. "भावजी, काळं ऑईल फेकू नका हां. यांना पायजे. लाकडाला लावलं की वाळवी लागत नाय."

मी घमेलं शेवटच्या थेंबापर्यंत निथळून द्यायचो. मला वाटायचं, बोलणं नाही तर नाही, या घरातून त्या घरात काहीतरी जातंय ना! एवढा मी शहाणा.

गेल्या दिवाळीनंतर त्यानं अंगणाच्या मधोमध कुंपण घातलं. पुरण्याआधी सागाचे खांब ओळीनं पडले होते, आणि प्रत्येकाचं जमिनीत जाणारं टोक माझ्या ऑईलनं काळंकुळकुळीत झालेलं. आता गाडी वळवायला जागा नाही. रोज मान मोडून रस्त्यापर्यंत रिव्हर्स काढतो.

परवा ऑईल बदलायला बसलो, तर कॅन कुंपणावरून आत आला. वहिनीचा फक्त हात दिसत होता.

"भावजी, मागच्या बाजूचे खांब अजून लावायचेत."

मी काठोकाठ भरून दिला. बापाचं घर वाळवीनं खाल्लं, पण हे खांब आम्हा दोघा भावांनाही पुरून उरतील.