ग्रेसीचा काळा तुकडा

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही. आज तुमच्याशी बोलतेय — का, ते मलाही नीट कळत नाही.

ग्रेसी समुद्रकाठच्या उत्तनची, मी शांती नगरची. एकाच सरांकडे पीएच.डी. करायचो. प्रकाश गिळणारे पृष्ठभाग बनवायचे — दिसणारा प्रकाश आणि न दिसणारा इन्फ्रारेडही. त्यासाठी सगळे धातूचे थर वापरत. मीही. ग्रेसी म्हणायची, "आमच्या खिडकीच्या ग्रिल बघ, खारा वारा खाऊन टाकतो. धातू नकोच."

तिने कार्बन मिसळलेल्या रेझिनवर सुळके उभे केले, डोळ्यांना न दिसणारे. खाली रुंद, वर टोकदार. त्यांच्यात शिरलेला प्रकाश परत येतच नाही. कित्येक महिने फुकट गेले. मग एक तुकडा साधला — इतका काळा, की टेबलाला भोक पडल्यासारखं वाटावं. तो साच्यातून सोडवताना साचा मात्र फुटला, म्हणजे तुकडा तेवढा एकच.

मोजणी माझ्याकडे होती. ग्रेसी जेवायला गेली होती. आलेख उमटला — जांभळ्यापासून पार इन्फ्रारेडपर्यंत जवळजवळ काहीच परत येत नव्हतं. मला आनंद झाला? नाही. माझ्या थरांना हे कधीच जमलं नव्हतं.

तुकडा काढताना माझा अंगठा त्यावर टेकला. मुद्दाम नाही. पण — लगेच उचललाही नाही.

अंगठ्याखालचे सुळके दबले, तिथे पुसट चकाकी आली. मी तो आलेख पुसून टाकला.

दुपारी सरांसमोर पुन्हा मोजणी झाली. प्रकाश परत येत होता. ग्रेसी घाबरली की घरची बोली बोलायची. हळूच म्हणाली, "हात तं न्हाय ना लागला तुजा?"

"नाही," मी म्हटलं.

सर म्हणाले, "सुळके टिकतच नाहीत. डिझाइनच कच्चं आहे. सोड हे."

तिने सोडलं. पुढे पीएच.डी.ही सोडली. आणि मला डॉक्टरेट कशावर मिळाली? तिच्याच सुळक्यांवर, थोडे बदल करून. ते चालतात, हे मला ठाऊकच होतं ना! तेव्हा ती घरी आली, मला मिठी मारली. "मी चुकले तिथे तू बरोबर केलंस," म्हणाली. मी — मी तिला चहा विचारला.

आता ती भाईंदरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. परवा तिने मला वर्गात बोलावलं. मुलांना म्हणाली, "माझं डिझाइन चुकलं होतं. ह्या मॅडमनी ते सुधारलं. चुकलं म्हणून रडत बसायचं नाही, कळलं?" मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले, प्रकाशाबद्दल बोलले. चांगलं बोलले म्हणे.

नंतर ती मला रिक्षापर्यंत सोडायला आली. आम्ही दोघीच होतो. सांगता आलं असतं. मी म्हटलं, "घरी ये एकदा."

तिचं डिझाइन चुकलेलं नव्हतं. त्या दिवशीही नाही. हे मला माहीत आहे, आणि आता तुम्हाला. तिला नाही.