डाव्या बाजूचा ब्रेक

"तीसवर होती गाडी, बाबा. तीसला काय भरधाव म्हणतात?"

"मी कुठे म्हटलं भरधाव?"

"पोलिसांनी लिहिलंय. आणि तुम्ही किल्ली मुठीत आवळून बसलायत, म्हणजे तुमचंही तेच म्हणणं."

"माझं काही म्हणणं नाय गो. तू आधी जेव."

गंगाधर परबांनी किल्ली या मुठीतून त्या मुठीत घेतली. त्यांच्या मुलीची, अपेक्षाची गाडी खाली लालबागच्याच गॅरेजात दुरुस्त होऊन उभी होती. बंपर नवा, दिवा नवा. महिन्यापूर्वी माटुंग्याच्या बाजारात एक आजोबा भाजीची पिशवी घेऊन दोन उभ्या गाड्यांमधून रस्त्यावर आले आणि तिच्या गाडीपुढे सापडले. मांडीचं हाड मोडलं. ते अजून खाटेवरच होते.

"ब्रेक लागलाच नाही," अपेक्षा म्हणाली. "मी दाबला होता. गॅरेजवाला काय म्हणतो?"

"ब्रेक ठणठणीत आहेत म्हणतो."

"मग त्याला अक्कल नाही. तुमच्या गाडीत कसा, नुसता पाय ठेवला की लागायचा. तुम्हीच अख्ख्या चाळीला सांगत सुटला होतात, पोरीचा पाय सोन्याचा म्हणून."

गंगाधरांचा उजवा पाय आपसूक फरशीवर दाबला गेला.

या पायाची चाळीत सगळे थट्टा करायचे. परळच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये सव्वीस वर्षं ते डाव्या सीटवर बसत आले होते. त्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. आरडाओरडा करणं गंगाधरांच्या स्वभावातच नव्हतं. समोर कुणी आडवं आलं की ते पाय टेकवायचे, तोही असा अलगद, की शिकणाऱ्याला वाटावं गाडी आपणच थांबवली. सव्वीस वर्षांत शाळेच्या गाडीला ओरखडा नाही, म्हणून मालकाने शाल दिली होती. पोरं लायसन मिळालं की पेढे आणून द्यायची आणि नंतर कधी दिसलीच तर काचेआडून हात करून निघून जायची.

बायको, शेवंती, गेल्यावर खोलीत ते आणि हा पाय एवढेच उरले. सहा दिवस एकच ताट वाढून, दाराकडे तोंड करून ते जेवत. रविवारी मात्र अपेक्षा यायची. बांगड्याचं तिखलं, दोन ताटं, आणि चार वाजेपर्यंत तिची बडबड.

"जावई काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"काय म्हणणार? बाईच्या हातात गाडी दिली की असंच होतं. सोसायटीतही तेच ऐकतेय. म्हणून तर गाडी आजच न्यायचीय मला. उद्या सगळ्यांच्या नाकासमोरून मनवाला शाळेत सोडणार."

मनवा. त्यांची नात, सात वर्षांची. पाय पुन्हा फरशीत रुतला. आता गप्प राहून चालणार नव्हतं, आणि बोललं की हा रविवार शेवटचा. पुढच्या रविवारचं एकच ताट त्यांना आत्ताच दिसत होतं.

"अपेक्षा, हिंदमाताच्या सिग्नलला तू पहिल्यांदा थांबलीस. आठवतं?"

"तुम्ही शाबास म्हणालात."

"मी थांबवली होती गाडी."

"पहिल्या दिवशी ना. चालायचंच."

"रोज."

तिचा घास ताटातच राहिला.

"तुझा पाय यायचा ब्रेकवर," गंगाधर ताटाकडे बघत म्हणाले, "पण उशिरा. तोवर माझा लागलेला असायचा. तुला वाटायचं, आपणच."

"आणि टेस्टला?"

"परीक्षा घेणारे साहेब मागे बसले होते. त्यांना माझा पाय दिसत नव्हता."

"बोलला का नाहीत तेव्हा?"

"आई जाऊन सहा महिने झाले होते. त्या सिग्नलला तू पहिल्यांदा हसलीस."

अपेक्षाने ताट पुढे सरकवलं. म्हणाली, "महिनाभर मी त्या म्हाताऱ्याला शिव्या घालतेय. बघून चालता येत नाही म्हणून."

"बघून नाय चालले, तेही खरं. पण पाय वेळेवर पडला असता तर नुसती पिशवी सांडली असती."

"असं किती जणांना शिकवलंत, बाबा?"

शालीची घडी कपाटावर होती. गंगाधरांनी तिकडे पाहिलं नाही.

"पुढच्या रविवारी ये," ते म्हणाले. "सकाळी शिवडीकडचा रस्ता मोकळा असतो. ट्रेनिंग स्कूलचीच गाडी मागून घेतो. या खेपेला सीटवर मांडी घालून बसेन. पाय खाली सोडणार नाय. अगदीच कुणाच्या जिवावर बेतलं तरच." त्यांनी मूठ उघडून पुढे केली. घामेजल्या तळव्यावर किल्लीचा वळ उठला होता. "येशील ना गो?"

अपेक्षाने ताट मोरीत नेऊन ठेवलं, हात धुतले, पर्स खांद्याला लावली. किल्लीकडे एकदा पाहिलं, ती तशीच त्यांच्या हातावर राहू दिली, चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून गेली.