दोन बोटं उजवीकडे

सर्कशीचे ट्रक मैदानातून बाहेर पडत होते आणि आई कुंपणापाशी डबा घेऊन उभी होती. भाकरी, ठेचा आणि वर फडक्यात बांधलेला गूळ. मी अठरा वर्षांची. वाघाच्या पिंजऱ्यामागच्या ट्रकमध्ये पत्र्याच्या पेटीवर बसायचं होतं.

"बाबा?" मी विचारलं.

"नाई येत. बंदूक खोलून बसले हायेत. पक्कड शोधून राहिले."

म्हटलं, शोधू देत. आणखी वाकडी करायची असेल. मी ट्रकमध्ये चढले आणि मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर रडू आलं असतं, आणि ते मला त्या दिवशी परवडणारं नव्हतं.

हे मी तुमच्यासाठी लिहितेय, जे नागपूरला, आपल्या हुडकेश्वरलाच राहिलात आणि "पोरगी सर्कशीत पळाली" असं अजूनही हळू आवाजात सांगता. आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखेच निघालात आणि दर फोनवर "केव्हा येशीन वं?" ऐकून विषय बदलता. मी पळाले नव्हते. दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत गेले होते.

आमचा फुग्यांचा स्टॉल होता. लाकडी पाटीवर रंगीत फुगे, समोर टेबल, टेबलावर छर्ऱ्याची बंदूक. दिवाळी झाली की भंडाऱ्याकडच्या मंडया सुरू होतात, त्या आमच्याकडच्या जत्राच. एका मंडईतून दुसऱ्या मंडईत आमचं बिऱ्हाड हिंडायचं. बंदुकीच्या नळीच्या टोकाला नेमासाठी एक लोखंडी दाणा असतो, त्याला बाबा माशी म्हणत. ही माशी ते पकडीने केसभर उजवीकडे वाकवून ठेवायचे. मग छर्रा डावीकडे जायचा. गिऱ्हाईक कितीही नेम धरो, फुगा हसत राहायचा. असं सगळेच स्टॉलवाले करायचे. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नसे.

गिऱ्हाईक चिडलं, बंदूक वाकडी आहे म्हणालं, की बाबा मला पुढे करायचे. "वाकडी? पाहा भाऊ, हे एवढीशी पोरगी कशी फोडून राहिली!" आणि मी दहाच्या दहा फोडायचे, कारण मला माहीत होतं, फुग्याच्या दोन बोटं उजवीकडे धरायचं. लोक टाळ्या वाजवायचे आणि पुन्हा रांग लागायची. माझा पहिला प्रयोग तोच. नऊ वर्षांची होते मी, आणि माझा खरा नेम एका खोट्या गोष्टीची साक्ष देत होता. तेव्हा हे कळत नव्हतं. टाळ्या तेवढ्या आवडत होत्या.

अठराव्या वर्षी माझ्याच वयाची एक मुलगी आली. नवं लग्न झालेलं, हातात हिरवा चुडा. नवरा आणि दीर मागे उभे राहून तिला हसत होते, की बाईच्या जातीला काय नेम येणार. तिने सहा छर्रे फुकट घालवले. डोळे भरले होते तिचे. मी टेबलावरून वाकले आणि म्हणाले, "दोन बोटं उजवीकडे धर." तिने फोडला. मग दुसरा. मग तिसरा. गर्दीने माझं बोलणं ऐकलं होतंच. तासाभरात पाटी रिकामी झाली आणि "वाकडी बंदूक, वाकडी बंदूक" म्हणून पोरांनी बाबांना मंडईभर चिडवलं.

बाबांनी हात उगारला नाही. त्याहून वाईट बोलले. "घरातली गोष्ट बजारात काहून सांगितली वं? लय नेमबाज समजते सोताले? तुहा नेम माह्या बंदुकीचा हाय. सरळ बंदूक हाती देल्ली त हत्तीले बी लागणार नाई."

मला तेच हवं होतं. नागपुरात सर्कस उतरली होती, त्यांच्याकडे हत्तीही होता आणि सरळ बंदूकही. दुसऱ्याच सकाळी मी जाऊन उभी राहिले.

आणि बाबा खरे ठरले! एकाच फुग्यावर दहा छर्रे मारले, एकदाही फुटला नाही. मॅनेजर हसला आणि चहा प्यायला गेला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पण तिथली नेमबाज बाई, अन्नम्मा, पाटीपाशी गेली आणि वाकून बघत राहिली. माझे दहाही छर्रे एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत रुतले होते. फुग्याच्या बरोब्बर दोन बोटं उजवीकडे.

"मोळे," ती सर्कशीच्या हिंदीत म्हणाली, "तेरे घर का बंदूक टेढ़ा है क्या?"

मोळे म्हणजे मल्याळममध्ये पोरी. त्या एका प्रश्नावर माझं आयुष्य फिरलं. ती दोन बोटं अंगातून काढायला मला तीन महिने लागले. नंतर मी आरशात बघून पाठमोरी मारायला शिकले, जळती वात विझवायला शिकले, टांगलेला दोरा तोडायला शिकले. शेवटचा खेळ म्हणजे अन्नम्मा चेच्ची हातात फुगा धरून उभी राहायची आणि मी वीस पावलांवरून तो फोडायचे. चेच्ची म्हणजे थोरली बहीण. तिने एकदाही डोळे मिटले नाहीत.

गावोगाव एक तरी शहाणा निघायचाच, फुग्यात टाचणी आहे म्हणणारा. मी त्याला रिंगणात बोलवायचे, त्याच्या हाती खडू द्यायचे आणि सांगायचे, धरून उभा राहा, हा उडवते. बहुतेकांना अचानक बायकोची आठवण यायची.

सर्कशीचे तंबू कायमचे उठले तेव्हा चेच्चीने मला तिच्या घरी, कण्णूरला नेलं. आता ती नाही, घर आहे. सकाळी तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पुट्टू करते, नारळाच्या तेलाचा वास आता नाकाला कळतही नाही. पहिल्या वर्षी बाजारात सांबार मागितला तर बाईने मसाल्याची पुडी काढली. मला कोथिंबीर हवी होती, आमच्या नागपुरात तिलाच सांबार म्हणतात. रिसॉर्टमध्ये, कॉलेजांच्या फेस्टमध्ये माझे शो होतात, पोस्टरवर फोटो असतो. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर सांगते, खडू धरायला तयार असलेला कोणी भेटला नाही.

इतक्या वर्षांत चारदा आले असेन नागपूरला. बाबांनी बंदुकीचं नाव काढलं नाही, मीही नाही. आई फोनवर एवढंच म्हणायची, "धंदा बसला वं. आता लोकं लयच फुगे फोडून राहिले." मला वाटायचं, लोकांनीच गुपित ओळखलं असेल. खरं सांगते, थोडं बरंही वाटायचं. मग स्टॉल बंद झाला आणि तो विषयही संपला.

यंदा नागपुरातच, मिहानच्या उद्योग वसाहतीतल्या एका कंपनीने वार्षिक कार्यक्रमाला बोलावलं. मेट्रोने सीताबर्डीला जाऊन फुगे आणले. हुडकेश्वरला आमच्या घरामागे वावर होतं, तिथे आता चार मजली इमारती आहेत, आणि गच्चीवर उभं राहिलं की लोकांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात. सकाळी मी गच्चीवर सराव करत होते. बाबा जिना चढून आले. ऐंशीचे आहेत, प्रत्येक पायरीवर थांबत आले. हातात गोणपाटात गुंडाळलेली ती बंदूक.

"याच्यानं मार," म्हणाले.

चौतीस वर्षं मी त्या क्षणाची वाट पाहत होते. पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर फुगा लावला. बंदूक खांद्याला लावली आणि हात आपसूक आठवला. दोन बोटं उजवीकडे. चाप ओढला.

भिंतीचा चुना उडाला. फुगा तसाच. दोन बोटं उजवीकडे खड्डा.

मी बंदूक फिरवून पाहिली. माशी सरळ होती, आणि तिच्या बुडाशी पकडीचे जुने, गंजलेले ओरखडे.

"कधी केली?"

"तू गेली त्याच दिसी."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"तू कवा विचारलं?" बाबा भिंतीकडे बघत होते. "मले वाटलं, येशीन तवा पाहशीन. तू त बंदुकीकडं पाह्यलंच नाई."

म्हणजे तेव्हापासून स्टॉल बंद होईपर्यंत हा माणूस सरळ बंदूक टेबलावर ठेवून बसला, याने लोकांना फुगे फोडू दिले, आणि धंदा बसू दिला. आणि मी तिकडे दूर बसून त्यांचा वाकडेपणा लोकांना सांगत होते. मला त्यांचा राग आला. माझाही आला. माफी मी मागितली नाही, त्यांनीही नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही.

मी दुसरा फुगा लावायला गेले तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि टाकीपाशी जाऊन, हात लांब करून उभे राहिले. आई जिन्यातून ओरडली, "काय बाप्पा, या वयात! हात त थरथरून राहिला!"

"थरथरू दे," बाबा म्हणाले. "तिचा नाई थरथरत."

घर कोणतं, म्हणून विचारता ना तुम्ही? माझी दोन आहेत. माझ्यासमोर फुगा धरून, डोळे न मिटता उभ्या राहिलेल्या माणसांची ती दोन. एक कण्णूरला, दुसरं इथे, या गच्चीवर.

मी सरळ नेम धरला. बाबांनी डोळे उघडे ठेवले होते. मी मारला, आणि त्यांच्या हातात नुसता दोरा राहिला.