आखाजीचा झोका

मॅट्रिकची परीक्षा देऊन मुलगी घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. वर्षातून दोनतीनदा असं व्हायचं. जेवण नको, वेणी नको, बोलणं नको. मग एके दिवशी उठायची आणि घरभर तिचंच राज्य. आमच्या लोणखेड्यात याला बाहेरची बाधा म्हणतात. भगत झाला, अंगारा झाला. तिला पुण्याच्या कॉलेजात जायचं होतं आणि आमचे हे एवढंच म्हणत, धड राहिली तर पाठवू. म्हणून मला ती धड दिसायला हवी होती, चारचौघांत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आल्या, निंबाला झोके बांधले. थोरल्या नणंदबाई आल्या आल्याच म्हणाल्या, पोरीचं लग्न उरका, सगळं ताळ्यावर येईल. माझ्या डोक्यात सणक गेली. आत गेले, पोरीला हाताला धरून ओढत आणलं आणि झोक्यावर उभं केलं.

आधी ती नुसतीच उभी राहिली. मग तिनं गाणं धरलं आणि झोका उंच, अजून उंच. फांदी कुरकुरायला लागली, बाकीच्या मुली बाजूला सरल्या. उतर म्हटलं तर हसायची. ऊन डोक्यावर आलं तरी उतरेना. बायका कौतुक करत होत्या आणि मी, तिची सख्खी आई, नणंदबाईंकडे बघत तोरा मिरवत होते. उतरली तेव्हा दोरानं तळहात सोलले होते. तीन दिवस ती झोपली नाही, बडबडत राहिली. चौथ्या दिवशी परत भिंतीकडे तोंड.

मी संतापले. तळहातांना हळद-तेल लावत होते आणि तोंडाचा पट्टाही चालू होता. चार दिवस धड राहायला काय होतं तुला?

ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "माय, मी पडस तवय सगळा माले धराले येतस. वर जास तवय कोन्ही धरत नही. माले तवयच भीती वाटस."

वर जाते तेव्हा कोणी धरत नाही, आणि झोक्यावर तर मीच तिला उभं केलं होतं. तेव्हा लाज वाटली, आजही वाटते.

जूनमध्ये ती पास झाली. तोवर उठून हिंडूफिरू लागली होती, यांनीही होकार दिला. आता वसतिगृहाच्या बाईंना कळवायचं की लपवायचं? कळवलं तर जागा जाईल, बोभाटा झाला तर पुढचं लग्नही. न कळवता परक्यांत सोडायचं तरी कसं? लिहायला मला तिनंच शिकवलं होतं. त्याच वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, "मुलगी निजून राहिली तर जेवायला उठवा. पण फार हसू-बोलू लागली, तर कृपा करून तिच्याजवळ बसा." पत्र तिच्याच हातात दिलं. द्यायचं की फाडायचं, तुझं तू ठरव म्हटलं. तिनं वाचलं, घडी करून पेटीत ठेवलं. नंदुरबारच्या स्टेशनावर गाडी सुटेपर्यंत तो विषय माझ्या ओठांवर होता, पण मी काढला नाही.

पंधरा दिवस मी टपालवाल्याची वाट अडवून उभी राहायची. मग कार्ड आलं.

"तुझं पत्र पेटीतच ठेवलं होतं. आज सकाळपासून मी फार हसतेय, म्हणून मीच नेऊन दिलं. बाई विणकाम घेऊन माझ्या शेजारी बसल्या. अजून बसल्या आहेत."