सोनाराने नापास केलेलं पदक

“मंजी गेली,” असा वळ गावाहून फोन आला तेव्हा मी निजामपुऱ्यात भाजी घेत होते. तोंडातून पहिलं निघालं ते, “कोण म्हणतं?” तिच्याबद्दल त्या गावातून आलेली कुठलीच गोष्ट मी सरळ खरी मानायचे नाही... ही मात्र खरी निघाली. तापाचं निमित्त झालं.

मंजुळा आणि मी एकाच संघातून कबड्डी खेळलो. परदेशातल्या स्पर्धेच्या शेवटच्या निवडीत तिला घेतलं, मी घरी राहिले. भारताच्या मुली जिंकल्या, एवढंच पेपरात कोपऱ्यात आलं. नाव एकीचंही नाही. मंजी सुवर्णपदक घेऊन आली. गावाने जीपमधून मिरवली, गुलाल उधळला आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या काकाने पदक सोनाराकडे नेलं! घरात आलेलं सोनं आधी सोनाराला दाखवायचं, ही त्यांची रीत. त्याने ते कसोटीवर घासलं आणि सांगून टाकलं, “चांदी आहे. वर नुसता मुलामा.” अहो, पदकं सगळीकडे अशीच असतात! पण ऐकतो कोण? सोनं खोटं, म्हणजे जिंकणंही खोटं. मग पोरगी इतके दिवस होती कुठे? कुणाबरोबर? ठरत आलेलं लग्न मोडलं. त्या काकाचं नाव काढलं तरी आजही माझं डोकं फिरतं.

मंजीने कुणाला खुलासे दिले नाहीत. खोचकपणे कुणी विचारलंच तर म्हणायची, “सोनाराला इचार!” आणि गोदामांमागच्या मोकळ्या जागेत पोरींना पकडी शिकवायला निघून जायची.

दिवसकार्य आटोपल्यावर मी तिच्या आईला भेटायला गेले. मावशीने दार लोटून घेतलं, कपाटातून पदक काढलं.

“बाय, खरा सांग. माजी पोर जिंकलेली ना?”

म्हणजे इतकी वर्षं आईसुद्धा...

“तू व्हतीस तिथं?”

“नव्हते, मावशी. माझी जागा तिला मिळाली म्हणूनच नव्हते. किती जळायचे मी तिच्यावर! ती खोटं बोलत असती, तर पहिली बोंब मीच नसती का मारली?”

मावशीने पदक उलटं केलं. मागे कसोटीवर घासल्याचे ओरखडे दोन होते.

“ह्यो दुसरा माजा हाय,” ती म्हणाली. “मी पन नेलेला, दुसऱ्या सोनाराकडं.”

“मंजीला कळलं होतं?”

“तीच मना रिक्षानं घेऊन गेलेली.”